कुत्रा हॉस्टेलला, अभ्यास घरच्यांना

मोशीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत सकाळी सहाच्या सुमाराला लिफ्टसमोर उभं राहून बघावं. पहिल्या शिफ्टची कंपनीची बस गाठायला डबा घेऊन निघालेला माणूस, अर्धवट वेणी घातलेली शाळकरी मुलगी, दुधाच्या पिशव्या घेऊन वर निघालेला पोऱ्या, आणि या सगळ्यांच्या मधे मागच्या दोन पायांवर उभा राहून प्रत्येकाला भेटू पाहणारा तीस किलोचा लॅब्रॅडॉर. पट्ट्याला लोंबकळत मालक म्हणतो, ‘काही करत नाही हो तो.’ समोरचा भिंतीला चिकटतो. आठवड्यात हे चार वेळा झालं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार, मग कमिटीची नोटीस, आणि मग एका रात्री जेवताना घरात विषय निघतो: ‘याला हॉस्टेलला टाकू या का?’

कुत्र्यांचं हॉस्टेल हे आता पिंपरी-चिंचवडला नवल राहिलेलं नाही. सुट्टीत गावाला जाताना कुत्रा चार दिवस ठेवायची सोय आधी आली, तिच्या पाठोपाठ निवासी प्रशिक्षण आलं. कुत्रा तीन-चार आठवडे, कधी दोन महिने ट्रेनरकडे राहतो. खाणंपिणं, फिरणं, शिकणं सगळं तिथेच. ठरलेल्या दिवशी ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ एवढं कळणारा शहाणा प्राणी घरी परत येतो, निदान यावा अशी अपेक्षा असते. मधूनमधून व्हिडिओ येतात. त्यांत आपला बंड्या हिरवळीवर पुतळ्यासारखा बसलेला दिसतो आणि घरच्यांचा ऊर भरून येतो. अलीकडे जाहिरातीत आणखी एक शब्द हमखास असतो: ‘पॉझिटिव्ह’. म्हणजे मारझोड नाही. खाऊ, खेळ आणि कौतुक यांच्या बळावर शिकवणं.

‘कुत्रा पाळायची हौस आहे, सांभाळायला वेळ नाही’ असं म्हणून या सगळ्याला नाक मुरडणं सोपं आहे. पण ते मोशीवर अन्याय करणारं आहे. १९९७ मध्ये महापालिकेत आली तेव्हा मोशी हे पुणे-नाशिक रस्त्यावरचं, इंद्रायणीकाठचं शेतीचं गाव होतं. तिथला कुत्रा पडवीत नाहीतर गोठ्यापाशी राहायचा. त्याला ‘बस’ म्हणून कुणी शिकवलं नाही, कारण तो बसला काय नि उभा राहिला काय, कुणाचं काही अडत नव्हतं. अनोळखी माणूस दिसला की भुंकायचं, एवढीच त्याची नोकरी. आज त्याच शेतांत टॉवर उभे आहेत, आणि ज्या भुंकण्याबद्दल भाकरी मिळायची त्याच भुंकण्याबद्दल नोटीस मिळते. नवरा चाकणला, बायको भोसरीला, शिफ्ट आठवड्याला बदलते, हायवेवरच्या कोंडीत जाणारा वेळ वेगळाच. अशा घरात पिल्लाला दिवसातून पाच वेळा पाच-पाच मिनिटं शिकवणार कोण? तेव्हा काम जाणकाराच्या हाती देणं यात आळस नाही. उलट सुरुवातीचे धडे जाणकारानेच द्यावेत, इतकं ते वेळेचं आणि हाताचं काम आहे.

लिफ्टचाच धडा घ्या. चांगला ट्रेनर लॅब्रॅडॉरला आधी लिफ्टसमोर नेतच नाही. मोकळ्या जागेत एक चटई टाकतो. कमरेला पिशवी, पिशवीत उकडलेल्या चिकनचे नाहीतर पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. कुत्र्याचा पाय चटईला लागला की हातातला क्लिकर ‘टक्’ करतो आणि तुकडा चटईवर पडतो. टक् आणि तुकडा यांच्यात क्षणभर गेला तरी चालतो. पाय आणि टक् यांच्यात मात्र नाही. तेवढ्यात कुत्र्याने मान वळवलेली असते आणि बक्षीस मान वळवण्याला मिळतं. दहा-बारा वेळा झालं की कुत्रा आपणहून चटईवर जाऊन ट्रेनरच्या तोंडाकडे बघतो: आता? मग चारही पाय चटईवर, मग बसणं, मग बसून तीन सेकंद, मग दहा. मग शेजारून एक माणूस जातो. मग डबा घेतलेला माणूस जातो. मग दार उघडतं. मधेच कुत्रा उठला तर ओरडायचं नाही. आपण पायरी फार उंच ठेवली असं समजून एक पायरी खाली यायचं.

याला ‘खाऊची लाच’ म्हणून हिणवणारे बरेच आहेत. लाच काम व्हायच्या आधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. चाकणच्या कामगाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

हे शास्त्र कालच्या यूट्यूबवरचंही नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांना पेट्यांत ठेवून दाखवलं की ज्या हालचालीमागून सुटका आणि खाणं मिळतं ती हालचाल मांजर पुन्हा, आणि दर खेपेला लवकर करतं. बी. एफ. स्किनर यांनी १९३०च्या दशकात उंदरांवर त्याची नीट मांडणी केली. स्किनर यांच्याकडे शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने पुढच्या दशकात विद्यापीठ सोडलं आणि जत्रांसाठी, जाहिरातींसाठी कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत प्राणी शिकवून देण्याचा चक्क धंदा काढला. कॅरेन प्रायर डॉल्फिन शिकवता शिकवता या वाटेला आल्या. १९८४ मध्ये त्यांचं ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक आलं आणि ही रीत कुत्रेवाल्यांच्या घरात पोचली. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालून हिसका देता येत नाही. रागावलात तर तो पोहत पलीकडे निघून जातो. शिकवणाऱ्याला शिस्त लावायची असेल तर असा विद्यार्थी हवा!

हिसक्याची परंपराही तितकीच जुनी आहे. जर्मनीच्या कॉनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये लिहिलेलं प्रशिक्षणाचं पुस्तक दोन महायुद्धांतल्या लष्करी कुत्र्यांपर्यंत पोचलं. सक्ती हा त्यातला मोठा भाग. मग लांडग्यांचं निमित्त मिळालं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून टोळीतल्या वर्चस्वाची मांडणी केली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ हा शब्द जगभर नेला. पुढे जंगलातले कळप वर्षानुवर्षं पाहून त्याच मेक यांनी १९९९ मध्ये सांगितलं की मोकळ्या लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि पोरं, त्यात ‘अल्फा’ म्हणण्यासारखं काही नाही. ही दुरुस्ती अजून आपल्या गल्लीपर्यंत आलेली नाही. ‘साहेब, तुम्ही त्याचे बॉस व्हा, आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या’ हा सल्ला आजही छातीठोकपणे मिळतो, आणि सल्ल्यापाठोपाठ चोक चेन मिळते.

दोन्हींत फरक पडतो का, हे मोजून झालेलं आहे. पोर्तुगालमधल्या पोर्तो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये सात प्रशिक्षण शाळांतल्या ९२ घरगुती कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिसके, आरडाओरडा, विजेचे पट्टे वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त दिसल्या आणि धड्यानंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं. पुढची चाचणी तर फार बोलकी आहे. एका बाजूच्या वाडग्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो, हे कुत्र्यांना शिकवलं. मग वाडगा मधेच ठेवला. बक्षिसावर शिकलेले कुत्रे तिकडे लगबगीने गेले, धाकात शिकलेले रेंगाळत गेले. त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, तिथे काही नसणारच. त्याच वर्षी इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठाने ६३ कुत्र्यांवर विजेच्या पट्ट्याची परीक्षा घेतली. हाक मारल्यावर परत येण्याच्या बाबतीत बक्षिसाने शिकवलेले कुत्रे कुठेच कमी पडले नाहीत. वेल्समध्ये तर असे पट्टे २०१० पासून बंद आहेत. आपल्याकडे ते ऑनलाइन मागवता येतात, दोन दिवसांत घरपोच.

ताणाच्या खुणा म्हणजे काय, तर वारंवार जांभया, ओठ चाटणं, तोंड फिरवणं. घरच्यांना त्या कळत नाहीत. व्हिडिओत कुत्रा जांभई देतो आणि घरी हसतात, ‘कंटाळला वाटतं अभ्यासाला.’

याहून जास्त फसवतं ते गप्प होणं. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. आज तो कुणी करू देणार नाही. चुकवता येणार नाहीत असे विजेचे झटके आधी काही कुत्र्यांना दिले. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथे लहानशा आडोशावरून उडी मारली की सुटका होती. त्यांतल्या बहुतेकांनी उडीच मारली नाही, झटके खात पडून राहिले. दंगेखोर कुत्रा महिन्याभराने परततो आणि कोपऱ्यात बसून राहतो, हाक मारली की कान पाडून सरपटत येतो, तेव्हा शेजारी म्हणतात, ‘वा, काय शिस्त लावलीय!’ तो शिकून आलाय की त्याने नाद सोडलाय, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तपासायला बसलेलं कुणी नाही, ही खरी अडचण. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये केंद्राचे नियम आले, प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये. शिकवणाऱ्याला कसला परवाना लागत नाही. शहराच्या कडेला पत्र्याची शेड टाकली, तारेचं कुंपण घातलं, इन्स्टाग्रामवर खातं उघडलं की अकादमी सुरू. छळ झालाच तर १९६०चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा आहे, आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ-पासष्ट वर्षांत चहाचा कप कुठून कुठे गेला, हा आकडा हलला नाही.

तरीही चांगले, मनापासून काम करणारे ट्रेनर आहेत, आणि त्यांच्याकडेही गाडं एका ठिकाणी अडतं. ते ठिकाण दाखवायला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण काढावी लागेल.

महाराष्ट्रात निवासी प्रशिक्षण घेतलेला सगळ्यात नामांकित कुत्रा मोशीपासून वीसेक किलोमीटरवर शिकला. पुण्यात शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे तयार झालेला, १९७३ च्या गाजलेल्या चित्रपटावरून ‘झंजीर’ नाव मिळालेला लॅब्रॅडॉर २९ डिसेंबर १९९२ रोजी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात रुजू झाला. वय जेमतेम वर्षाचं. अडीच महिन्यांत १२ मार्च १९९३ उजाडला. त्या स्फोटमालिकेनंतरच्या शोधात आणि पुढच्या काळात झंजीरच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधल्याची नोंद झाली. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

झंजीरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, ती त्याच्या नाकाची. पण पोलिस खात्यात कुत्रा एकटा शिकायला जात नाही. त्याच्याबरोबर श्वानहस्तक, म्हणजे हँडलर, केंद्रात राहतो. बहुधा दोघे, एक रजेवर गेला तर दुसरा असावा म्हणून. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथेही हीच पद्धत. कित्येक महिने माणूस कुत्र्याला खाऊ घालतो, खरारा करतो, त्याचा श्वास कधी बदलतो आणि शेपूट कधी ताठ होते ते वाचायला शिकतो. स्फोटकाचा वास लागला की कुत्रा गप्प बसतो आणि त्या बसण्याचं मोल म्हणून त्याला त्याचा चेंडू मिळतो. तो चेंडू नेमका कधी फेकायचा हे हस्तकाला यावं लागतं. दीक्षांत संचलनातही दोघे शेजारी शेजारी चालतात. सरकारी खात्याला हे फार पूर्वी उमगलं. हजारो रुपये मोजणाऱ्या सोसायटीवाल्यांना मात्र ‘फक्त कुत्रा पाठवा, बाकी आमच्यावर सोडा’ हेच विकलं जातं.

कुत्र्याची बुद्धी आपल्यासारखी एका जागेवरून दुसऱ्या जागी सहज जात नाही. त्याच्यासाठी ‘बस’ हा शब्द सुटा नसतो. त्यात हिरवळ असते, ट्रेनरचा आवाज असतो, ट्रेनरच्या कमरेची पिशवी असते. शेडमागच्या मैदानात शंभरातून शंभर वेळा बसणारा कुत्रा अकराव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, मालकाच्या ‘बस, बस ना, अरे बस की!’ ला ढिम्म हलत नाही, तेव्हा तो नाठाळपणा करत नसतो. त्याला हा धडा झालेलाच नसतो. पहिला आठवडा सगळे हौसेने करतात. दुसऱ्या आठवड्यात खाऊची पिशवी फ्रिजवर पडते. तिसऱ्यात रात्रपाळी लागते. चौथ्यात लॅब्रॅडॉर पुन्हा दुधाच्या पिशव्यांवर झेपावतो आणि घरात उद्गार निघतो: कुत्र्याचं शेपूट, नळीत घाला नाहीतर कशात, वाकडं ते वाकडंच. शेपटाचा यात काही दोष नाही.

पिल्लांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून १९६५ मध्ये जे मांडलं ते आजही धरलं जातं: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. मोशीच्या कुत्र्याला काय आपलं वाटायला हवं? कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, शेजारची रांगती पोर, गणपतीतले ढोल-ताशे, दिवाळीतले फटाके. ही बाराखडी घरातच होते. घरात पाऊल टाकून जेमतेम पंधरा दिवस झालेलं पिल्लू उचलून वीस अनोळखी कुत्र्यांच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं, तर ते वेगळंच काही शिकून येईल. शिवाय पार्व्हो, डिस्टेंपरच्या लशी पूर्ण झालेल्या नसतील तर आजार घेऊन येईल. लशींचा दाखला न मागता पिल्लू ठेवून घेणाऱ्या हॉस्टेलची पायरी दुसऱ्यांदा चढू नये.

मग पाठवूच नये का? पाठवावं, पण कोण काय विकतंय ते बघून. न कळवता कधीही भेटायला येऊ का, असं विचारावं. ‘भेटलात तर कुत्रा बिथरतो’ असं उत्तर आलं तर गाडी वळवावी. कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता, हा प्रश्न विचारून गप्प बसावं आणि समोरचा काय काय बोलतो ते ऐकावं. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये पाच मिनिटं उभं राहावं. अंगावर फर घेऊन तिथे राहायचं कुणाला, हे आपोआप कळेल. रात्री कुत्र्यांपाशी माणूस कोण असतो, ते बघावं. आणि सगळ्यात आधी विचारावं, आमचे धडे किती? चार आठवड्यांच्या कार्यक्रमात घरच्यांसाठी निदान आठवड्याला एक धडा आणि परतल्यावर ट्रेनरच्या दोन-तीन घरभेटी नसतील, तर पैसे निम्म्या कामाचे दिले असं समजावं.

महापालिकेलाही यात करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला मोठा खर्च नाही. पाळीव कुत्र्याचा परवाना ती देतेच. परवाना घेणाऱ्या घरातल्या एकाने तरी दोन तासांच्या वर्गाला बसावं, पट्टा कसा धरायचा आणि जांभई कशी वाचायची हे शिकावं, एवढी अट घालायला हरकत नाही. हॉस्टेलांची नोंदणी करावी, पशुवैद्यकाने वर्षातून एकदा जाऊन यावं. सोसायट्यांनी नोटिशीचा कागद छापण्याआधी एखाद्या चांगल्या ट्रेनरला रविवारी पार्किंगमध्ये बोलवावं. सहा कुत्रेवाल्यांनी मिळून फी भरली तर ती हॉस्टेलच्या फीपेक्षा कितीतरी कमी पडेल, आणि धडा नेमका त्या लिफ्टसमोर होईल जिथे भांडण होतं. वॉचमनलाही त्यात घ्यावं. कुत्र्याला रोज सगळ्यात जास्त वेळा भेटणारा माणूस तोच.

आणि घरातल्या आजींना विसरून चालणार नाही. सगळे कामाला गेल्यावर बंड्या दिवसभर त्यांच्याजवळ असतो, आणि जेवताना ताटाखालून पोळीचा तुकडा त्यांच्याच हातून सुटतो. ट्रेनरने महिनाभर घासून पक्का केलेला ‘मागायचं नाही’ हा धडा आजी एका दुपारी पुसून टाकतात. त्यांना बोल लावणार कोण? देहू आणि आळंदीच्या मधल्या या पट्ट्यात भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव लहानपणापासून ऐकलेले असतात. प्रशिक्षणाच्या हिशोबाने बघितलं तर नामदेवांनी भाकरी पळवण्याला तुपाचं बक्षीसच दिलं, पण हे आजींना सांगायची छाती कुणाची नाही. म्हणून कुत्रा घरी सोडायला आलेल्या ट्रेनरने चटई पसरावी ती स्वयंपाकघराच्या दारात, आजींच्या खुर्चीपासून चार हातांवर. पोळीचे तुकडे आधीच करून एका वाटीत त्यांच्यापाशी ठेवावेत, आणि बंड्या चटईवर बसला की त्यांच्याच हातून त्याला पहिला तुकडा द्यायला लावावा.